गिरजाकाकूच्या गोळ्या

धसईत बोभाटा झाला, की भाताची आवणी, म्हणजे रोपं लावणी, करताना गिरजाकाकूला भूत लागलं. ती थडथड कापते, पाठ धरून कण्हते.

भूतबित काही नव्हतं. खाचरात सगळीकडे गडी, लघवीला उठायची लाज, म्हणून काकू दिवसभर पाणीच पीत नसे. जळजळ लपवली, तसा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला नि थंडीताप भरला. मुरबाडच्या डॉक्टरीणबाई लघवी तपासून म्हणाल्या, “उशीर जिवावर बेतला असता. आता गोळ्या पुरे दहा दिवस.”

तिसऱ्याच दिवशी ताप उतरला.

“बरी झालू, गोळ्या कशाला?” मी, तिची पुतणी, काकूच्याच आवाजाची नक्कल करत म्हटलं. “सोडशीलच तू. लाव पैज!”

“नाय सोडणार गो! हरलीस तर खाचराशी बायकांना आडोसा तू बांधायचा.”

काकूने दहाव्या दिवशी शेवटची गोळी माझ्यासमोर गिळली. मी बांबू रोवून गोणपाट बांधलं. आता तिथं रांग लागते.