आईच्या वाढदिवसाचं भरीत

आईला वाढदिवस असतो हे मला नोकरीला लागून, लग्न होऊन, कामोठ्यात संसार मांडल्यावर कळलं. तेही भावाच्या फोनवरून.

मी तेव्हा बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत कारकून होते. फोन साहेबांच्या टेबलावर असायचा, त्यामुळे बोलणं दबक्या आवाजात आणि थोडक्यात. भाऊ म्हणाला, शनिवारची रजा टाक, भावजींनाही घ्यायला सांग. आईला नागावला नेतोय दोन दिवस, समुद्रावर. तिला यातलं काही ठाऊक नाही, सरप्राइज आहे. मी विचारलं, कशासाठी? तर म्हणाला, "अगं, वाढदिवस आहे ना तिचा. चंपाषष्ठीचा जन्म आहे आईचा. तुला माहीत नव्हतं?"

मी माहीत असल्यासारखं हसले आणि फोन ठेवला. मग फाइल उघडून बराच वेळ एकाच ओळीकडे बघत बसले.

आमच्याकडे वाढदिवस ही गोष्टच नव्हती. तालुक्याच्या शाळेत माझ्या निम्म्या वर्गाचा जन्म एक जूनचा होता, कारण हेडमास्तरांनी तसा लिहिला होता. आई तर शाळेतच गेली नव्हती, मग तिला तारीख कोण लावणार? ती जन्माला आली होती एवढंच आम्ही धरून चाललो होतो. आणि आता भावाला तिचा दिवस माहीत होता. भावाला म्हणजे अर्थातच वहिनीला. भावाला स्वतःच्या लग्नाचा दिवस आठवायलाही वहिनी लागायची.

वडील गेल्यावर आई भावाकडे जुईनगरला आली, तेव्हा वहिनी घरात येऊन वर्षही झालं नव्हतं. माहेर कोकणातलं, पण वाढलेली मुंबईत. केक कापून, मेणबत्त्या विझवून मोठी झालेली. मला वाटायचं, माझ्या आईचं आणि हिचं काय जमणार? तर मी रविवारी जायची तेव्हा दोघी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून मेथी निवडत असायच्या आणि हसत असायच्या. मी दारात आले की आई लगबगीने उठायची. "आलीस? दमलीस. बाहेर बस, पंखा लाव," म्हणायची. वहिनी पाणी आणून द्यायची. मी पाहुण्यासारखी पंख्याखाली बसायची आणि आतून पुन्हा हसू ऐकू यायचं. आईच्या केसांना वहिनी तेल लावायची. आईच्या पायात वहिनीने आणलेल्या मऊ चपला असायच्या. आई बोलता बोलता 'सोसायटी' आणि 'बाल्कनी' म्हणायला लागली होती. मला ते ऐकवत नसे.

कारण आई माझी होती. असं लिहिताना हसू येतं, पण तेव्हा मी ते अगदी हिशेबासारखं पक्कं धरलेलं होतं. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी आणि ती आईने मिळवून दिलेली. घरात एक म्हैस होती. तिचं शेणघाण, धारा, हॉटेलात दूध घालणं सगळं आई करायची. मी मदतीला उठले की हात झटकून म्हणायची, "तू हात लावू नको. तू वाच." दळणाला मी गेले नाही, भांडी मी घासली नाहीत, चुलीपुढे मला बसू दिलं नाही. गावातल्या बाया नावं ठेवायच्या, पोरीला डोक्यावर बसवलीय म्हणायच्या. आई ऐकून घ्यायची. मी आज जी काही आहे ती त्या दोन शब्दांमुळे आहे हे मला एक दिवसही विसरता आलेलं नाही. मग त्या आईचा जन्मदिवस काल आलेल्या सुनेला ठाऊक आणि मला नाही, हे कसं?

घरी येता येता मला एकच गोष्ट धीर देत होती. चंपाषष्ठीला आमच्याकडे तळी असते. आमचं कुलदैवत खंडोबा. चातुर्मासात सोडलेलं वांगं आणि कांदा त्या दिवशी देवाला दाखवून मगच खायचा. वांग्याचं भरीत, बाजरीचे रोडगे, वर कांद्याची पात. आणि देवांपुढे ताम्हणात पानसुपारी, खोबऱ्याची वाटी आणि भंडारा ठेवून पाच जणांनी ते ताम्हण येळकोटाच्या गजरात उचलायचं. आमचे देव म्हणजे चांदीचे दोन टाक. गावाकडचं घर मोडलं तेव्हा आईने ते पितळी डब्यात घालून मांडीवर घेऊन आणले होते. ते देव जुईनगरच्या देव्हाऱ्यात. आणि ही निघाली होती आईला समुद्र दाखवायला! त्या दिवशी आई देव सोडून एक पाऊलही पुढे जाणार नव्हती. कोकणातल्या मुलीला हे कुठून कळणार? मी काही बोलले नाही. वाशीच्या बाजारातून चांगली भरताची वांगी आणली, शनिवारी पहाटे उठून गॅसवर भाजली, रोडगे थापले, सगळं दोन डब्यांत भरून बॅगेच्या तळाशी ठेवलं. नवऱ्याने विचारलं, हे कशाला, तिकडे जेवणाची सोय आहे ना? मी म्हटलं, असू दे.

भाड्याची जीप आमच्या इमारतीखाली थांबली तेव्हा आई आधी उतरली. अंबाडा अर्धा सुटलेला, पदर कसातरी खोचलेला. जिन्यातच तिने माझं कपाळ धरलं, मग गळ्याला हात लावून बघितला.

"ताप कुठाय?"

मला काही कळेना. मागून भाऊ हसत आला. आईला घराबाहेर काढायला त्यांनी सांगितलं होतं की ताई तापाने फणफणलीय. आईने आमटीखालचा गॅस बंद केला आणि तशीच निघाली. कुठे, कशाने, किती वेळ, काही विचारलं नाही. भाऊ म्हणाला, आयडिया हिची. वहिनी ओशाळून म्हणाली, "तुमचं नाव घेतलं की आई दुसरं काही विचारत नाहीत, ताई. माझं नाव घेतलं असतं तर आधी चहा झाला असता."

आईने तिच्या पाठीत हलकेच धपाटा घातला. मला फार बरं वाटलं. पण तो धपाटाही तिलाच मिळाला, मला नाही, हेही मी पाहून ठेवलं.

पनवेल मागे पडेपर्यंत आईला सगळं सांगून झालं होतं. समुद्र म्हटल्यावर ती लहान मुलीसारखी खुलली. मी वाट बघत होते. पेणच्या पुढे कधीतरी तिचा चेहरा उतरला.

"अरे, आज तळी हाय. देव घरी राह्यले."

भाऊ गडबडला. ड्रायव्हरने आरशातून मागे पाहिलं. मी माझी बॅग पायाशी ओढून घेतली. आता आई म्हणेल गाडी वळवा, मग मी सांगेन की निदान नैवेद्य मी केलाय, आणि आईला कळेल की हे लक्षात कोणाच्या होतं.

वहिनीने मांडीवरची पिशवी उघडली. आत तोच पितळी डबा होता. झाकण उघडून तिने आईच्या पुढे धरला. तांदळात ठेवलेले दोन टाक, वर एक झेंडूचं फूल.

"तुम्ही खाली उतरलात तेव्हा घेतले. हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला, म्हटलं आईंसोबत चला. चाललं ना, आई?"

डबा आईने मांडीवर घेतला, जसा गावाहून आणताना घेतला होता, आणि दुसऱ्या हाताने वहिनीचा हात धरला. नागाव येईपर्यंत तो सोडला नाही. मी खिडकीतून मिठागरं बघत बसले. मिठागरांत बघण्यासारखं काही नव्हतं.

आम्ही उतरलो ते एका नारळी-पोफळीच्या वाडीतलं घर होतं. घरच्या काकू मागच्या खोल्या पाहुण्यांना देत. पडवीत पाट मांडून आईने देव ठेवले. ताम्हण, पानं, खोबरं, भंडाऱ्याची पुडी, सगळं वहिनीच्या पिशवीतून निघालं. एवढ्यात आईने मान वर केली आणि विचारलं, "नैवेद्याचं?"

या वेळी वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी बॅग उघडून डबे काढले. भरताचा वास पडवीभर पसरला. मी मान ताठ करून उभी होते, आणि ती अगदी सहज म्हणाली, "मी केलंच नाही. म्हटलं, ताई आणणारच."

म्हणजे माझी पहाटही तिच्या बेतात धरलेली होती. माझ्याकडे जी एकच गोष्ट होती तीही तिने मोकळी ठेवलेली जागा होती. तिच्यावर रागवावं तर कशासाठी? रागवायला कारण नसणं हा फार वाईट राग असतो.

तळी पुरुषांनी उचलायची, आणि घरातले पुरुष दोनच होते. आई म्हणाली, पाच जणं झाल्याशी मतलब. मग ती, भाऊ, माझा नवरा, वहिनी आणि मी अशा पाच जणांनी ताम्हण धरलं. माझ्या बोटांना वहिनीची बोटं लागत होती. येळकोट आईने म्हटला, आवाज मोठा आणि कणखर. तीनदा ताम्हण वर गेलं. मग तिने एकेकाच्या कपाळाला भंडारा लावला.

जेवणं झाल्यावर भाऊ आणि नवरा समुद्राकडे गेले. आम्ही तिघी पडवीत होतो. आईने बोटाने ताटातलं उरलेलं भरीत पुसून खाल्लं आणि म्हणाली, मीठ बरोबर पडलंय. मला तेवढंही पुरलं असतं, पण तोंडून निघून गेलं, "तुझा जन्म चंपाषष्ठीचा, हे मला कधी सांगितलं नाहीस."

आईने ताट बाजूला सरकवलं.

"तुला कधी सांगणार? अशा गोष्टी निवडताना-टिपताना निघतात गं. तुला मी चुलीपाशी बसूच दिलं न्हाई. तू आत आलीस की मीच हाकलायची, वाच म्हणून." मग वहिनीकडे बघून म्हणाली, "ही बसती माझ्यापाशी."

त्यात तक्रार नव्हती आणि दिलासाही नव्हता. जे झालं ते तिने सांगितलं. तिने मला पुस्तकं दिली होती. चुलीपाशी ज्या गोष्टी निघतात त्या शिल्लक राहिल्या, त्या तिने हिला दिल्या. मला दोन्ही हवं होतं. खरं सांगायचं तर अजूनही हवं आहे.

"मग आता सांग," मी म्हटलं.

आई भिंतीला टेकली. म्हणाली, तिचा जन्म झाला तेव्हा बाहेर तळी चालली होती. बाप्यांचा येळकोट एवढा मोठा की पोर रडल्याचं कोणाला ऐकूच आलं नाही. आजोबा भंडारा लावायला आत आले तेव्हा...

"तेव्हा त्यांना वाटलं, मांजराचं पिल्लू आहे," वहिनी हसत म्हणाली.

"तू थांब गं जरा," मी म्हणाले. माझा आवाज मलाच कडक वाटला.

वहिनीने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग ती उठली, ताटं गोळा केली आणि म्हणाली, "मी चहाचं बघते. त्या काकूंची चूल पेटायला वेळ लागेल."

ती गेली. दुपारच्या चहाला अजून बराच अवकाश होता, हे आम्हा तिघींनाही माहीत होतं. आईने पाय लांब केले आणि गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. मी तिच्या अगदी जवळ सरकून ऐकत होते, आणि मधेच मनात येत होतं, इतकं सहज उठून जाणं मला कधी जमलं असतं का.