मधल्या रेषेपाशी

मुलीच्या सॉकरच्या सरावाला आज कुणीतरी गुडघ्याला मलम चोळत होतं. त्या कापरासारख्या वासाने मला थेट कॅनडातल्या विंडसरमधल्या माझ्या जुन्या भाड्याच्या बेसमेंटमध्ये नेलं.

वर घरमालक एन्झो राहायचे. इटलीत ते अकरा वर्षं व्यावसायिक फुटबॉलमध्ये डिफेंडर होते. बायकोला मलमाचा वास सोसत नाही म्हणून रविवारी डबी घेऊन माझ्याकडे खाली यायचे. मी तेव्हा एका गोदामात कामाला होतो. पीआरसाठी, म्हणजे देशात कायम राहण्याच्या परवान्यासाठी, मॅनेजरचं पत्र मिळेपर्यंत ती नोकरी सोडायची सोय नव्हती.

"माझं काम म्हणजे समोरच्या एकाच माणसाला चिकटून राहायचं," एका रविवारी ते म्हणाले. "तो पाणी प्यायला गेला तरी मी शेजारी उभा. मधली रेषा ओलांडायची नाही, असा कोचचा हुकूम होता."

"कधीच ओलांडली नाहीत?"

"एकदा चेंडू माझ्या पायात होता आणि पुढे सगळं मैदान मोकळं. कोच तर आजारी, घरी झोपलेला. तरी रेषेपाशी थांबलो आणि चेंडू मागे दिला."

मी पोट धरून हसलो. तेही हसले, पण गुडघा चोळत राहिले. छताजवळच्या खिडकीतून बर्फ आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचे बूट तेवढे दिसत होते. एकदा पत्र हातात पडू दे, मी मनात म्हटलं, मग मी नाही थांबणार.

सराव संपवून मुलगी गाडीत बसली. "बाबा, हाऊ वॉज वर्क?"

पत्र मिळून चौदा वर्षं झाली. मॅनेजर केव्हाच रिटायर झाला.

"सेम," मी म्हटलं. उद्या सातची शिफ्ट आहे, त्याच गोदामात.