चंद्राचे शेवटचे प्रकरण

मास्तरीणबाई घासाघीस करत नसत. माझ्या दुकानात लुगड्याचा भाव पटला नाही, की घडी खाली ठेवून चालू लागत. खांद्यावर गाठोडी वाहून मी दुकान उभे केले. भाव पाडून न मागणारे गिऱ्हाईक मला शत्रूसारखे वाटे.

आम्ही दोघेही कादंबऱ्या लिहीत होतो. वाचनालयात दर रविवारी इथले लेखक आपापल्या कादंबरीवर बोलत. रीत अशी, की वही आधी अध्यक्ष वकीलसाहेबांकडे जायची. त्यांची तांबडी पेन्सिल फिरली की मगच लेखकाला खुर्ची. माझ्या कादंबरीतल्या विधवेने दुसरे लग्न केले होते. ते त्यांना रुचले नाही. मी तिला तळ्यात बुडवली आणि हार घालून घेतला. घरी बायकोने एवढेच विचारले, "तिला कशापायी मारलं हो?" ते अजून सलते.

बाईंच्या कादंबरीतली चंद्राही विधवा. मिलमध्ये सूत गुंडाळणारी, दुसरे लग्न करून सुखात राहणारी. तिलाही मारा, असा निरोप आला. बाईंच्या शाळेच्या मंडळावरही वकीलसाहेबच होते. नोकरी जाईल, म्हणून मी मध्यस्थीला गेलो. बाई ज्वारी निवडत होत्या. मारू नका, नुसता ताप आणा, म्हटले. नाहीतर काशीला धाडा, म्हटले.

सुपातून मान वर न करता त्या म्हणाल्या, "अप्पा, तुमची बुडवलीत, आता माझ्या चंद्राला काशी दाखवता व्हय?"

मी चिडून निघून आलो.

रविवारी बाई आल्या. खुर्ची मिळाली नाही, तेव्हा उभ्यानेच शेवटचे प्रकरण वाचू लागल्या. वकीलसाहेब उठले, त्यांच्यामागे पुढची रांग उठली. मी उठलो नाही. बाईंकडे अक्षरे गिरवायला येणाऱ्या मिलमधल्या चार बाया दारात उभ्या होत्या; त्या आत येऊन रिकाम्या जागी बसल्या. वाचन संपल्यावर त्यांतली एक म्हणाली, "पुढं काय हुतं तिचं?"

"पुढं म्हातारी होते की," बाई म्हणाल्या. "बायका म्हाताऱ्या होतात. वकीलसाहेबांना कुणीतरी सांगा."

आठवड्यात नोकरी गेली. बाई कुर्डुवाडीला गेल्या, रेल्वेवाल्यांच्या मुलींना घरीच शिकवू लागल्या आणि तिथेच वारल्या. वही कधी छापली गेली नाही. पण मिल सुटल्यावर बाया अजून चंद्राची गोष्ट सांगतात. परवा एकीने तिला नातू झाल्याचेही सांगितले. माझी कादंबरी छापलेली आहे, वाचनालयाच्या कपाटात आहे. ती कुणी मागत नाही. मागितलीच, तर शेवटचे प्रकरण वाचू नका, असे मी स्वतः सांगतो.