इवायांचा आरोपी

दुसरबीडच्या माझ्या इवायांसारखा, म्हणजे सुनेच्या वडलांसारखा, पुराव्यावाचून घोटभर पाणीही न पिणारा माणूस पृथ्वीवर दुसरा नाही. जन्मभर ते तालुक्याच्या कोर्टात पट्टेवाले होते. साहेब आले, बदलून गेले, कायदा मात्र इवायांच्या अंगात मुरला. आमच्या पंगतीत कोणी म्हणालं, वरण खारट आहे. इवाई म्हणाले, "एकट्याच्या साक्षीवर निकाल नाही लागत." त्यांनी ओळीनं सगळ्यांना चाखायला लावलं आणि निकाल लागेपर्यंत वरणच संपलं. त्यांच्या शेळीनं शेजाऱ्याची मेथी फस्त केली. तोंडाला पाला चिकटलेला, तरी यांचं आपलं, "खाताना पाह्यलं कोणी?" शेळी संशयाचा फायदा घेऊन सुटली आणि दुसऱ्या दिवशी पालकात शिरली.

असा माणूस लसीला मात्र बिनपुराव्यानं दोषी धरून बसला. आमच्या दोघांचा नातू पाच वर्षांचा झाला, बोलत नाही. ऑटिझम म्हणतात त्याला. दीड वर्षाचा असताना सुई दिली, आणि त्याच सुमारास येत होते ते दोन-चार शब्दही गेले. इवायांनी तेव्हाच निकाल दिला. आता धाकट्या नातीला गोवराची सुई द्यायची वेळ आली, तर हे येऊन आमच्या उंबऱ्यातच बसले. मी चौथीतून शाळा सोडलेला, पण हट्टात कोणाला हार जाणारा नाही. सगळ्यांना घेऊन दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, देशोदेशीची लाखो मुलं तपासली. सुई घेतलेल्यांत आणि न घेतलेल्यांत हा त्रास सारख्याच प्रमाणात निघतो. तो दिसायचं वय आणि सुईचं वय एकच पडतं, इतकंच."

"तुमचे लाखो राहू द्या. माह्या एका नातवाचं सांगा, कशानं झालं?"

"ते नक्की नाही सांगता येत."

"मंग गुन्हेगार कोण?"

"गुन्हाच नाही, आजोबा."

कोर्टाला निकाल द्यावाच लागतो, डॉक्टरला 'माहीत नाही' म्हणून थांबता येतं. इवायांनी आरोपीवाचून केस पाहिलेली नव्हती. ते उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मी मागोमाग गेलो.

"शेळी सुटते, अन् सुईले फाशी? काऊन हो, इवाई?"

ते पायाच्या अंगठ्याकडे पाहत हळूच म्हणाले, "सुई सुटली तं लोक माह्या पोरीले धरतीन. पोटुशी असताना ग्रहणात भाजी चिरली, म्हणून बोलूनच राह्यले."

माझं डोकं फिरलं. "तुमची पोरगी माह्या घरची सून आहे. तिच्यावर केस नाही, अन् होणारही नाही. कोण बोलते त्याले माह्याकडं धाडा."

सून दारात उभी होती. तिनं लेक आपल्या बापाच्या मांडीवर ठेवली. डॉक्टरीणबाईंनी सुई तिथंच टोचली. रडली नात, डोळे इवायांचे भरले.

आता राग कोणावर धरावा, ते त्यांना समजत नाही. आमच्याकडे आले की नातवाला घेऊन पिठाच्या गिरणीत जातात. पोराला ती घरघर आवडते. आजा-नातू पोत्याला टेकून बसलेले, दोघांच्या भुवयांवर पीठ. इवाई म्हणतात, तिथं बरं वाटते, तिथं कोणाचंच बोलणं कोणाले ऐकू येत नाही.