आखाजीची खरी शिवी

आमच्या घरात बाप आणि फुई, म्हणजे माझी आत्या, एकमेकांशी बोलत नसत. भांडण कशावरून झालं होतं ते दोघांनाही आठवत नव्हतं. सकाळी बाप गोठ्यात उभा राहून म्हणायचा, "म्हैसबाई, घरमधली बाईले सांग, मले वावरमा जानं शे, भाकर बांध." फुई चुलीपासून ओरडायची, "म्हैसबाई, त्यासले सांग, भाकर कवयनी बांधेल शे. डोया शेतस का नहीत?" म्हैस रवंथ करायची. पाहुण्यांना हसू यायचं, आम्हाला त्यात काही वेगळं वाटत नसे. आई मी लहान असतानाच गेली. फुई विधवा होऊन माहेरी परत आली होती, तिनेच मला वाढवलं.

फुईचं तोंड शहादा तालुक्यात गाजलेलं होतं, आणि त्याला कारण आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमचं गाव नाल्याच्या एका थडीला, दुसरं गाव समोरच्या थडीला. आखाजीला पोरी गौराई बुडवायच्या, आणि मग दोन्ही थडींवर बायका उभ्या राहून एकमेकींना शिव्या द्यायच्या. कुणाचं नाक, कुणाचा नवरा, कुणाची सासू घुबडाच्या पोटची. पुरुष लांब बाभळीखाली बसून ऐकायचे. संध्याकाळी सगळं विसरायचं, दुसऱ्या दिवशी त्याच बायका बाजारात एकमेकींना पान द्यायच्या. नियम एकच होता. शिवी खोटी हवी. खऱ्या गोष्टीवरून शिवी द्यायची नाही.

माझा साखरपुडा समोरच्या गावात झाला होता. मुलगा मला आवडला होता. हे तेव्हा कुणी बोलून दाखवत नसे, पण तो बैलगाडी घेऊन आमच्या वावराजवळून जायचा तेव्हा मुद्दाम बैल हळू हाकायचा, आणि मी मुद्दाम कापूस हळू वेचायची. लग्न उन्हाळ्यातच होणार होतं. मध्ये आखाजी आली.

समोर माझी होणारी सासू उभी होती. तिने फुईला सुरुवात करून दिली, "अवं फुई, तुन्ही जीभ बैलना जागावर नांगरले जुपी दे!" सगळ्या हसल्या. फुईने पदर खोचला आणि ओरडली, "अवं याहीन, तुन्हा दाल्ला अक्कलकुवाले मिरची ईकस का दुसरी चूल फुकस?"

कुणी हसलं नाही. माझ्या होणाऱ्या सासऱ्याने अक्कलकुव्याला एक बाई ठेवली होती, हे दोन्ही गावांना माहीत होतं. म्हणूनच ते कुणी बोलत नव्हतं. समोरची बाई खाली बसली आणि तिने डोक्यावरचा पदर तोंडावर ओढला.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून निरोप आला. आम्ही साडी, नारळ आणि चांदीच्या तोरड्या परत पाठवल्या. बाप म्हशीला म्हणाला, "आते तिले इचार, पोरले कोठे देऊ?" फुईने म्हशीपुढे वैरण टाकली आणि ती आत गेली. मी त्या मुलाची वाट पाहिली. तो एकदा गाडी घेऊन गेला, बैल जोरात हाकत, शेपट्यांकडे बघत. मग मी वाट बघायची सोडून दिली. पण त्यानंतर जी स्थळं आली ती फुईचं नाव ऐकून परत गेली, आणि माझं वय वाढत गेलं.

काही वर्षांनी समोरच्या गावातला एक माणूस म्हशींसाठी सरकी घ्यायला आमच्याकडे येऊ लागला. बायको बाळंतपणात गेलेली, मूलही गेलेलं. मी ओट्यावर कवडी, म्हणजे किडका कापूस, वेगळा निवडत बसलेली असायची. एकदा तो म्हणाला, "त्या आखाजीले मी बाभूयखाले व्हतू."

"मंग हासनात का?" मी विचारलं.

"पहिले हासनू. मंग नही."

मला त्याचा राग आला नाही, याचंच मला नवल वाटलं. पुढे सरकी संपायच्या आत तो येऊ लागला. एक दिवस तो सरळ म्हणाला, "मन्हा घर दोन म्हशी शेतस, एक बहिरी माय शे, आनि गावमा तुन्हं नाव वाईट शे. येशी का?" मी हो म्हटलं. कापूस निवडायचा थांबवला नाही, पण त्या पाटीत चांगला आणि कवडी सगळा एक झाला.

अडचण अशी की ज्या घराशी माझी सोयरीक मोडली होती, तो त्यांच्याच भावकीतला. जाणती मंडळी बसली आणि त्यांनी अट घातली. फुईने त्या घरी जावं आणि बोललेलं खोटं होतं असं अंगणात उभं राहून सांगावं. तरच लग्न.

फुई म्हणाली, "खरं बोलनू. त्यानी माफी काबर मांगू?" दोन दिवस ती जेवली नाही. मी तिला जा म्हटलं नाही. जाऊ नको असंही म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी तिने धुतलेलं लुगडं नेसलं आणि एकटीच नाला ओलांडून गेली. माणसं जमली होती. "मी खोटं बोलनू," एवढंच म्हणाली. पाणी पुढे केलं ते प्यायली नाही, परत आली आणि शेण थापायला बसली. त्यानंतर ती आखाजीला थडीवर गेली नाही. गावच्या बायका बोलवायला यायच्या, ती म्हणायची, "मन्हाकडे आते शिव्या नहीत."

लग्न झालं. माझा नवरा कमी बोलणारा आहे. रोज संध्याकाळी माझ्यासाठी विहिरीवर एक हंडा तोच ओढून ठेवायचा, आणि कुणी हसलं तर हसू द्यायचा. मी सुखी होते. तरी पाणी भरायला जाताना विहिरीवर कोण आहे ते मी लांबूनच बघायची, कारण त्याच विहिरीवर ती बाई यायची, जी माझी सासू होणार होती. कितीतरी महिने आम्ही एकमेकींकडे न बघता पाणी भरलं. एकदा दोघीच होतो. तिने माझा हंडा उचलून माझ्या डोक्यावर ठेवला आणि हळूच म्हणाली, "तुन्ही फुईनी मन्हा आंगनमा उभं ऱ्हाईसन खोटं बोललं. मले म्हायती शे."

माहेरी गेले तेव्हा मी फुईला हे सांगितलं. तिने सुपातले उरलेले खडे वेचले. मग म्हणाली, "तिले म्हन, ये एकदा. च्या पिवूत."

मी निरोप दिला. ती बाई हो म्हणाली. ती कधी आली नाही, आणि फुई पुढच्या थंडीत गेली.