वायसरच्या आईची फ्रेम

त्याला सगळे वायसर म्हणत. नळदुरुस्ती हा त्याचा धंदा, आणि शर्टाचा खिसा झटकला की दोन-चार रबरी वायसर हमखास खाली पडत. बायकोसुद्धा चिडली की "अहो वायसर" अशीच हाक मारायची.

त्याची आई दोन दिवसांच्या प्रवासाइतकी लांब, एकटी राहायची. तीस वर्षं तिने कपड्यांच्या कारखान्यात काजं-बटणं केली. त्या कामाने बोटांची टोकं इतकी गुळगुळीत झाली होती की टचचा फोन तिला जुमानायचाच नाही. ती दाबायची, चोळायची, शेवटी टिचकी मारायची, फोन ढिम्म. नातीचे फोटो बघायचे तर शेजारच्या शिक्षिकेची शाळा सुटेपर्यंत थांबायचं.

म्हणून एका सुट्टीच्या दिवशी नवरा-बायको डिजिटल फोटो फ्रेम घ्यायला निघाले. दुकानातल्या मुलीने तीन फ्रेम मांडल्या. बायकोचा जीव सोनेरी काठाच्या फ्रेमवर जडला.

"हिच्यात फोटो कसे जातात?" वायसरने विचारलं.

"कार्डावर भरायचे, काका, आणि कार्ड मागे घालायचं."

"म्हणजे दर वेळी दोन दिवस प्रवास करून मी कार्ड घालायला जाऊ?"

दुसरी फ्रेम पातळ, देखणी. पण सगळी टचवर चालणारी. ती त्याने हातही न लावता बाजूला सारली. तिसरी जाडजूड, काळी, दिसायला अगदीच यथातथा. पण फोनवरून पाठवलेला फोटो तिच्यात आपोआप दिसायचा, कुणी समोर आलं की ती उजळायची, आणि वरच्या कडेला एक खरंखुरं बटण होतं. ते दाबलं की पाठवणाऱ्याच्या फोनवर लाल बदाम उमटायचा. वायसरने बटण दहा वेळा दाबून पाहिलं, फ्रेम उलटी करून वायरचं तोंड हलवून पाहिलं.

"काका, ती गळत नाही," मुलगी म्हणाली.

"सवय आहे हो," बायकोने खुलासा केला आणि सोनेरी फ्रेमकडे एकदा मागे वळून पाहिलं.

काळी फ्रेम पार्सलने गेली, शिक्षिकेने ती आपल्या वायफायवर लावून दिली. इकडे वायसरच्या फोनने विचारलं, सगळे फोटो आपोआप पाठवू का? आईपासून काय लपवायचं, म्हणत त्याने 'हो' दाबलं.

मग बदामांचा पाऊस सुरू झाला. दिवसाला सात-आठ! वायसर कामावर लोकांना दाखवत सुटला. "नातीवर जीव आहे म्हातारीचा." दोन आठवड्यांनी त्याने फोन केला.

"आई, फोटो आवडले ना?"

"आवडले की. पण अरे, त्या तिसऱ्या मजल्यावरच्या मोरीचं काय झालं? परवापासून तशीच तुंबलेली दिसतेय."

कामाच्या जागी तो प्रत्येक गळतीचा, दुरुस्तीआधी आणि नंतर, फोटो काढून त्यावर इमारत-मजला लिहायचा, मालकाला दाखवायला. फुटके पाइप, गंजलेले नळ, कुणाकुणाच्या संडासाच्या टाक्या, सगळी वरात आईच्या बैठकीत पोचली होती.

"मग ते बदाम कशाला पाठवत होतीस?"

"दुरुस्त झालं की दाबते ना! नातीच्या फोटोलाही दाबते अधूनमधून. पण ती काय, आहेच गोड."

"आई, मी बंद करतो हे. कुणी पाहुणा आला तर काय म्हणेल?"

"खबरदार बंद केलंस तर! शिक्षिका रोज विचारते, आज काय फुटलं. आणि हे बघ, नळ बसवताना लावतोस ती पांढरी पट्टी आटे फिरतात त्याच दिशेने गुंडाळावी. मंगळवारच्या नळाला उलटी गुंडाळलीस. दोरा उलटा घेतला की शिवण उसवते, तुला लहानपणी शिकवलं नव्हतं?"

मंगळवारच्या नळासाठी त्याला खरंच परत बोलावणं आलं होतं. वीस वर्षं तो हे काम करत होता, आई आजवर लोकांना सांगायची, "मुलगा पाण्याच्या खात्यात काहीतरी आहे." आता तिला कुठल्या इमारतीत कुठला पाइप जुना हेही तोंडपाठ होतं. फोन ठेवल्यावर तो बराच वेळ हसत होता. मग रुमाल शोधू लागला.

बायकोने फक्त तहाची अट घातली. संडास वगळायचे, आणि दिवसाला एक तरी फोटो माणसांचा. आईने कुरकुर करत मान्य केलं.

पुढच्याच आठवड्यात एका तळघराच्या फोटोत घाण पाण्यात उभे असलेले त्याचे अनवाणी पाय दिसले. आईने त्याच दुपारी शिक्षिकेकडून फोन लावून घेतला आणि त्याला लहान मुलासारखं झापलं. संध्याकाळी वायसर गमबूट घेऊन आला. बायकोने त्याला दारात उभं करून, पायांपासून डोक्यापर्यंत, फोटो काढला आणि पाठवला.

बदाम आला नाही. फोनच आला.

"बूट एक नंबर मोठे घेतलेस. उद्या बदलून आण."