पायाची हळद

रमाआत्याला एका जागी बसवतच नसे. जेवतानासुद्धा मधेच उठून चुलीवरच्या उकळत्या पाण्यात फडकी टाकून यायची. इतवारीतल्या आमच्या कोष्टी आळीत उन्हाळ्यात कुणाला गळू झालं की बोलावण्याआधीच ही हजर. "दाबू नोको वं! त्याले त्याच्या मनानं पिकू दे. शेक दे, झाकून ठेव अन् हात धू." एकाचं फडकं दुसऱ्याला लावलेलं दिसलं, तर शिव्याच घालायची.

माझ्या लग्नाला खाप्याहून वऱ्हाड आलं आणि मागोमाग बातमी आली, नवरदेवाच्या नाकाजवळ गळू झालंय. होणाऱ्या सासूबाई हळदीआधी ते दाबून काढणार होत्या. त्याच्या अंगाची उष्टी हळद मग माझ्या तोंडाला लागायची. आत्या अंगणातून परसात, परसातून अंगणात येरझारा घालू लागली. ती विधवा, हळदीच्या घरी तिनं जाणं म्हणजे अपशकुनच. तेवढ्यावरून लग्न मोडलं तर? मी तिच्या पदराला धरलं.

"आत्या, तू जाऊ नोको."

"काहून? तुह्या तोंडावर गळू आल्यावर जाऊ का?" म्हणत ती निघालीसुद्धा.

वऱ्हाड उतरलं होतं त्या घरी सासूबाईंनी तिला उंबऱ्यातच अडवलं. आत्या बाहेरूनच बोलली, असं बरोबर गेलेल्या मावशीनं सांगितलं. "मी आत येत नाही, बाई. पण नाकाजवळचं गळू दाबू नका, जहर डोक्यात चढते. ताप आला तर लगेच दवाखान्यात न्या. हळद पायाले लावा अन् तीच उष्टी पाठवा." सासूबाई पाठ फिरवून आत गेल्या.

संध्याकाळपर्यंत आमच्या घरात कुणाला चैन नव्हतं. शेवटी वाटी आली आणि निरोपही आला: पायाची हळद आहे.

दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्या आणि गळू आपोआप फुटलं. नवरदेवाचा हात गालाकडे जाऊ लागला. सासूबाईंनी तो धरला आणि त्या ओरडल्या, "रमाबाई कुठी हायेत? बोलवा त्याहिले!"

स्वयंपाकाकडची आत्या उकळलेली फडकी घेऊन आली, पण मांडवाच्या कडेलाच थबकली. "मी कशी येऊ?"

"या ना बाई. हातावर पानी मी टाकते."

सासूबाईंनी पाणी ओतलं. भरल्या मांडवात आत्यानं नवरदेवाचा गाल पुसला, वर स्वच्छ पट्टी ठेवली आणि पुसलेलं फडकं चुलीत घातलं. मला रडू आवरेना.

आत्या गेली तेव्हा तिला शेवटची आंघोळ घालायला सासूबाई खाप्याहून आल्या. दुसऱ्या कुणाला त्यांनी तांब्याला हात लावू दिला नाही.